कालबाह्य शेऱ्यांचे ओझे

विशेष प्रतिनिधी, बुलढाणा

मृत व्यक्तीच्या मालकीची जमीन असू शकते काय? कायद्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मृत्यूच्या क्षणीच वारसांचा हक्क उघडतो. महसुली दप्तराचे उत्तर मात्र वेगळे आहे. आजोबांना जाऊन दोन पिढ्या उलटल्या तरी सात-बाराच्या उताऱ्यावर खातेदार म्हणून आजोबाच नांदत असतात. लहानपणी ‘अज्ञान’ म्हणून ज्याचे नाव लागले, त्याच्या घरी नातवंडे खेळू लागली तरी उताऱ्यावर त्याचा पालनकर्ता कायम असतो. फिटलेले कर्ज बोजा म्हणून उभे राहते. ही सारी वाक्ये लिहिली गेली तेव्हा खरी होती. परिस्थिती बदलली, वाक्ये बदलली नाहीत.

अशा मृत वाक्यांची झाडाझडती घेण्याचे काम बुलढाणा जिल्ह्याने १ मार्च २०२५ रोजी ‘जिवंत सातबारा’ या नावाने हाती घेतले. त्याच महिन्याच्या १९ तारखेस राज्य शासनाने निर्णय काढून ही मोहीम १ एप्रिलपासून संपूर्ण महाराष्ट्रात लागू केली. जिल्ह्याचा प्रयोग महिनाभरात राज्याचे धोरण व्हावा, असे प्रसंग महसूल खात्याच्या इतिहासात फार नाहीत. मोहिमेचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु मोहिमेच्या पलीकडचा एक प्रश्न त्या कौतुकात झाकला गेला. नोंद करण्यासाठी आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी यंत्रणा आहे. हेतू संपलेली नोंद काढण्यासाठी मात्र मोहीम का काढावी लागते?

बुलढाण्यातून राज्यभर

राज्यव्यापी मोहिमेचा आराखडा साधा होता. १ ते ५ एप्रिल या काळात ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांनी, गावोगावी चावडी वाचन करावे आणि न्यायप्रविष्ट प्रकरणे वगळून मृत खातेदारांची यादी तयार करावी. ६ ते २० एप्रिलदरम्यान वारसांनी मृत्यूचा दाखला, वारसांविषयीचे प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणा आदी कागदपत्रे सादर करावीत. स्थानिक चौकशीनंतर वारस ठराव मंजूर व्हावा. २१ एप्रिल ते १० मे या काळात ई-फेरफार आज्ञावलीत वारसाचा फेरफार घेऊन मंडळ अधिकाऱ्याने त्यावर निर्णय द्यावा आणि सात-बारा दुरुस्त व्हावा.

या साऱ्यात एकही पायरी नवी नव्हती. गाव नमुना ६-क ही वारस प्रकरणांची नोंदवही जुनीच आहे. चावडी वाचनही जुनेच. हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तो तलाठ्यास कळवावा, ही तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ मध्ये १९६६ पासून आहे. नवे होते ते एवढेच, की वारस येण्याची वाट न पाहता शासनाने स्वतः यादी घेऊन दारी जायचे ठरविले. हा बदल दिसायला लहान असला तरी त्याने जबाबदारीची दिशा उलट केली.

मोहिमेच्या पुढच्या टप्प्यात मृत खातेदारांपाठोपाठ मृत शेऱ्यांकडे लक्ष वळविण्यात आले. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता, एकुक म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, तगाई, बांधबंदिस्तीचे बोजे, नजरगहाण, सावकारी कर्ज अशा कालबाह्य नोंदी कमी करणे, तसेच भूसंपादनाचे निवाडे, पोटखराब क्षेत्र, महिला वारस यांच्या राहिलेल्या नोंदी अद्ययावत करणे, असा त्याचा विस्तार होता. या यादीतील एकेक शब्द म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाचा एकेक थर आहे. तगाईचे मूळ कायदे १८८३ आणि १८८४ सालचे. त्यांचे नाव एकविसाव्या शतकातील संगणकीय उताऱ्यावर दिसावे, यातच प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

वऱ्हाडात तर दप्तराचे हे थर अधिकच दाट आहेत. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेला हा मुलूख पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडाचा भाग होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. संहिता लागू झाली ती १९६७ साली. राज्यकर्ते बदलले, नमुने बदलले, परंतु जुन्या नमुन्यातील शेरे नव्या नमुन्यात उतरवून घेण्याची पद्धत कायम राहिली. उतरवून घेणाऱ्या कारकुनाला शेरा वगळण्याचा अधिकार नव्हता, आणि तो खरा आहे का हे तपासण्यास वेळ नव्हता.

शेरा मरतो, ओळ राहते

शेरे साचतात ते निष्काळजीपणामुळे, असे म्हणणे सोपे आहे. वास्तविक कारण रचनेत आहे. संहितेत हक्क मिळाल्याची वर्दी देण्याचे कर्तव्य हक्क मिळविणाऱ्यावर आहे, कारण नोंदीत त्याचा फायदा असतो. शेऱ्याचा हेतू संपल्याची वर्दी कोणी द्यायची? अज्ञान मुलगा अठरा वर्षांचा होतो, तेव्हा त्या दिवशी कोणताही व्यवहार घडत नाही. व्यवहार नाही म्हणून दस्त नाही, दस्त नाही म्हणून फेरफार नाही, आणि फेरफार नाही म्हणून शेरा तसाच. कालाच्या ओघात आपोआप खोटी ठरणारी नोंद पकडण्याची कोणतीही खूण आपल्या दप्तरात नाही.

कर्जबोजाचेही तेच. कर्ज देताना बँक बोजा चढविण्याविषयी दक्ष असते. तो तिच्या वसुलीचा आधार असतो. कर्ज फिटल्यावर बँकेचा रस संपतो. बेबाकी दाखला घेऊन फेऱ्या मारण्याचे काम शेतकऱ्यावर येते. राज्यात २०१७ आणि २०१९ या वर्षी मोठ्या कर्जमाफी योजना जाहीर झाल्या. अशा योजनेत बँकेच्या खतावणीतील कर्ज एका आदेशाने शून्य होते. सात-बाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातील ओळ मात्र स्वतंत्र फेरफाराविना हलत नाही.

या ओळीची किंमत काय, हे शहरातील वाचकाला चटकन जाणवणार नाही. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, तो महसुली प्रयोजनापुरताच असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. तथापि पीककर्ज देणारी बँक, नुकसानभरपाई वाटणारे कार्यालय किंवा विहिरीसाठी अनुदान मंजूर करणारी समिती न्यायालयाचे निकाल पाहत नाही, उतारा पाहते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीपासून अलीकडच्या शेतकरी ओळख क्रमांकापर्यंत प्रत्येक योजनेचे दार नावावरच्या जमिनीनेच उघडते. जमीन कसणारा जिवंत आणि उताऱ्यावरचा खातेदार मृत, अशी स्थिती असेल तर मदत मृताच्या नावे अडकते आणि कसणारा रिकाम्या हाताने परततो. विधवांच्या बाबतीत हा फटका दुहेरी असतो. पतीच्या पश्चात जमीन कसायची तिने, आणि कागदावर तिचा मागमूस नाही.

संगणकाने काय बदलले?

सात-बारा संगणकावर आला की हे सारे सुटेल, अशी अपेक्षा होती. ती काही अंशीच खरी ठरली. हस्तलिखित उतारे संगणकात भरताना मूळ प्रतीशी तंतोतंत जुळणी ही कसोटी होती, आणि ती योग्यही होती; भरणाऱ्याने स्वतःच्या मर्जीने ओळी गाळल्या असत्या तर अनर्थ झाला असता. परिणामी जिवंत नोंदींबरोबर मृत नोंदीही विश्वासूपणे संगणकात गेल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उपलब्ध झाला. पूर्वी कालबाह्य शेरा तलाठ्याच्या हस्ताक्षरात होता. आता तोच शेरा डिजिटल स्वाक्षरीच्या मोहोरेसह छापून मिळू लागला. कागद देखणा आणि अधिकृत झाला, मजकूर जुनाच राहिला.

या वाटचालीत एक दुरुस्ती मात्र दूरगामी होती. २०२० मध्ये सात-बाराचा नमुना सुधारण्यात आला. तोवर मृत खातेदार, फिटलेले बोजे आणि ई-कराराच्या कमी झालेल्या नोंदी कंसात दाखविल्या जात. कंस म्हणजे ‘हे आता लागू नाही’ असा संकेत. पण तो ठाऊक असणाऱ्यालाच कळे. नव्या नमुन्यात अशा नोंदींवर आडवी रेष मारलेली दिसू लागली. जुने फेरफार क्रमांक एका वेगळ्या ठिकाणी गेले आणि त्या गटावरील शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक ठळकपणे देण्यात आला. मजकूर पुसला गेला नाही, त्याचा इतिहास शाबूत राहिला, आणि कोणता मजकूर चालू व कोणता बंद हे अनभिज्ञालाही दिसू लागले.

ऑनलाइन अर्जांसाठीच्या ‘ई-हक्क’ या सुविधेतही वारस नोंद, बोजा चढविणे वा कमी करणे, अपाक शेरा कमी करणे, एकुक नोंद कमी करणे, मृताचे नाव कमी करणे असे पर्याय देण्यात आले. दार उघडे झाले. त्यातून आत येण्याचे ओझे मात्र अर्जदारावरच राहिले.

आज्ञावलींच्या जगातील तीच व्यथा

ही दुखणी सरकारी दप्तराचीच असती तर लाल फितीला दोष देऊन मोकळे होता आले असते. परंतु ज्या क्षेत्राकडे आपण कार्यक्षमतेचा नमुना म्हणून पाहतो, त्या सॉफ्टवेअरच्या जगातही नेमका हाच गाळ साचतो. तिथे तो उपसण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे यशापयश महसूल खात्याने अभ्यासावे असे आहे.

एखादा प्रोग्राम लिहिणाऱ्याकडून वापरणाऱ्याच्या यंत्रावर जातो तो पॅकेजच्या रूपाने. हे पॅकेज बांधण्याचे आणि यंत्रावर बसविण्याचे काम छोट्या आज्ञांच्या याद्या करतात; त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. या स्क्रिप्टही जुन्या होतात. मग त्यात एक सूचना घातली जाते, ‘ही पद्धत कालबाह्य आहे, अमुक नवी पद्धत वापरा, अमुक तारखेनंतर ही बंद होईल.’ पुढे नवी पद्धतही बदलते, तारीखही उलटते, आणि सूचना मात्र तशीच झळकत राहते.

डेबियन या मुक्त संगणक प्रणालीचे उदाहरण पाहा. बाहेरून आणलेले पॅकेज अस्सल आहे की नाही हे तपासणाऱ्या डिजिटल किल्ल्या सांभाळण्यासाठी तिच्यात ‘ॲप्ट-की’ नावाचे साधन होते. ते कालबाह्य ठरविले गेले, आणि डेबियन ११ या आवृत्तीनंतर ते मिळणार नाही असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिले गेले. प्रत्यक्षात जून २०२३ मधील डेबियन १२ मध्येही ते होते. ते गेले ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ मध्ये. दरम्यान हे साधन चालविणाऱ्यास दिसणाऱ्या इशाऱ्यात किल्ल्या एका सामायिक कप्प्यात ठेवण्याचा सल्ला दिला जात होता, तर जाणकार प्रत्येक भांडाराची किल्ली त्या भांडारापुरतीच बांधून ठेवावी असे सांगू लागले होते. म्हणजे कालबाह्यतेची सूचना स्वतःच कालबाह्य झाली होती.

‘नोड’ हे लोकप्रिय साधन बसविण्यासाठी नोडसोर्स या संस्थेच्या स्क्रिप्ट जगभर वापरल्या जातात. २०२३ मध्ये त्या कालबाह्य झाल्याचे जाहीर झाले. इशारा कोणी वाचत नाही हे ओळखून तो दाखविल्यावर स्क्रिप्ट ६० सेकंद थांबून राहील अशी योजना करण्यात आली. पुढे वापरकर्त्यांच्या मागणीमुळे त्या स्क्रिप्ट नव्या रूपात परत आणाव्या लागल्या. ज्यांनी जुनी प्रत जपून ठेवली होती, त्यांच्या यंत्रावर ‘हे बंद होणार आहे’ हा निरोप तसाच राहिला.

सर्वांत बोलके उदाहरण पायथन या संगणकभाषेतील आहे. सेटअपटूल्स हे तिचे पॅकेज बांधण्याचे मुख्य साधन. एका माहितीफायलीतील काही शब्द जोडरेषेने किंवा मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहिण्याची जुनी रीत बंद होणार, असा इशारा ते २०२१ पासून देत होते. २४ मार्च २०२५ रोजी, म्हणजे महाराष्ट्राचा ‘जिवंत सातबारा’चा शासन निर्णय निघाल्यानंतर पाचच दिवसांनी, नव्या आवृत्तीत ती रीत खरोखर बंद करण्यात आली. जगभरातील अनेक जुनी पॅकेजे बसेनाशी झाली, तक्रारींचा पूर आला आणि त्याच दिवशी निर्णय मागे घेऊन मुदत पुढे ढकलावी लागली.

चार वर्षे इशारा देऊनही असे का व्हावे? कारण इशारा पोहोचत होता तो चुकीच्या माणसाकडे. तो दिसायचा पॅकेज बसविणाऱ्याला, आणि दुरुस्ती करू शकत होता पॅकेज लिहिणारा. शिवाय पॅकेज बसविणारे ‘पिप’ हे साधन बांधणीच्या वेळचा मजकूर एरवी दडवूनच ठेवते; काही बिघडले तरच तो पुढे येतो. अनेक पॅकेजांचे मूळ लेखक तर ते काम केव्हाच सोडून गेलेले होते. सात-बाराच्या बाबतीत याहून वेगळे काय घडते? मृत शेरा दिसतो तो जमीन घेणाऱ्याला, कर्ज देणाऱ्याला किंवा अनुदान मागणाऱ्याला. तो काढू शकणारा अधिकारी त्याच्यापुढे अर्ज येईपर्यंत त्याकडे पाहत नाही.

सफाईचा नियम हवा

या क्षेत्रात यशाचेही एक उदाहरण आहे. डेबियनची एक शिस्त अशी, की एका स्थिर आवृत्तीवरून लगतच्या पुढील आवृत्तीवर जाण्याचीच हमी दिली जाते. मधली आवृत्ती गाळून उडी मारण्याची नाही. त्यामुळे त्याहून जुन्या आवृत्त्यांच्या सोयीसाठी लिहिलेल्या ओळी केव्हा निरुपयोगी झाल्या हे वादाविना ठरविता येते. या नियमाच्या आधारे ‘डेबियन जॅनिटर’ नावाचे स्वयंचलित साधन, ज्याच्या नावाचा अर्थच सफाई कामगार असा आहे, हजारो पॅकेजांतील अशा मृत ओळी शोधते आणि त्या काढण्याचा प्रस्ताव तयार करते. प्रस्ताव स्वीकारायचा की नाही हे त्या पॅकेजची जबाबदारी असलेली व्यक्ती ठरविते. काय काढले आणि का काढले, याची ओळ बदलांच्या नोंदवहीत पडते.

यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. नोंद केव्हा मृत समजावी याचा आधीच ठरलेला नियम, शोध घेण्याचे काम यंत्राकडे व निर्णय माणसाकडे, आणि काढलेल्या गोष्टीचाही माग. २०२० च्या सात-बारा नमुन्यातील आडवी रेष यांतील तिसरी गोष्ट साधते. पहिल्या दोन अजून व्हायच्या आहेत.

अपाक शेऱ्याचेच घ्या. नोंद करतानाच अज्ञानाची जन्मतारीख सक्तीने घेतली, तर तो सज्ञान होण्याच्या दिवशी आज्ञावली संबंधित ग्राम महसूल अधिकाऱ्यापुढे प्रस्ताव ठेवू शकते. त्यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही. बँकेने कर्ज बंद केल्याची नोंद केली की बोजा कमी करण्याचा फेरफार त्याच वेळी सुरू व्हावा. बोजा चढविताना बँक दाखविते तेवढी तत्परता उतरविताना दाखविणे तिच्यावर बंधनकारक असावे. मृत्यूच्या बाबतीत तर कायद्याने वाट मोकळी केलेलीच आहे. जन्म व मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तिच्यामुळे नोंदणीकृत मृत्यूंची राष्ट्रीय माहितीसाखळी उभी करण्याची आणि ती मतदारयादी, शिधापत्रिका, मालमत्ता नोंदणी अशा अन्य माहितीशी जोडण्याची तरतूद झाली आहे. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद पडली की त्याच गावच्या सात-बारावर वारस चौकशीचा प्रस्ताव उभा राहावा, ही अपेक्षा आता अवास्तव नाही.

घाईचा धोका

तथापि सफाईच्या उत्साहात एक सावधगिरी बाळगलीच पाहिजे. जुना दिसणारा प्रत्येक शेरा मृत नसतो. काही शेरे दुर्बळाच्या संरक्षणासाठी लिहिलेले असतात आणि त्यांचे वय कितीही झाले तरी त्यांचा हेतू संपत नाही. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ने निर्बंध घातले आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत त्यांचे मोल मोठे आहे. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळवहिवाट कायद्याखाली कुळांना मिळालेल्या जमिनी, कमाल धारणा कायद्याखाली वाटलेल्या जमिनी, भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी यांवरील शेऱ्यांचेही तसेच आहे. एखाद्या जमीन-दलालाला हे शेरे ‘कालबाह्य’ वाटतील, ज्याची जमीन त्यामुळे वाचली आहे त्याला नाही.

प्रकल्पांच्या शेऱ्यांत दोन्ही प्रकार एकाच जिल्ह्यात सापडू शकतात. पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. अशा प्रकल्पाच्या पुनर्वसनाशी निगडित शेरा काम अपुरे असेपर्यंत जिवंतच मानावा लागतो. उलट एखाद्या पूर्ण झालेल्या प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील हस्तांतरणबंदीचा शेरा प्रयोजन संपूनही उताऱ्यावर राहू शकतो आणि शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा तुकडा विकता येत नाही. समृद्धी महामार्ग या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गेला. अशा भूसंपादनात निवाड्याप्रमाणे क्षेत्र कमी झाल्याची नोंद मागे पडली, तर जमीन रस्त्यात जाते आणि उताऱ्यावर शेत उरते. तिथे गरज नोंद काढण्याची नसून राहिलेली नोंद करण्याची असते. एकच झाडू सर्वत्र फिरवून चालणार नाही, तो याचसाठी.

सर्वांत मोठा धोका वारस नोंदींतच आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणातील निकालाने त्याविषयीचे उरलेसुरले संदेहही दूर केले. वारसांची यादी मात्र बहुधा गावात राहणारे भाऊ देतात आणि सासरी गेलेल्या बहिणीचे नाव त्यातून सहज निसटते. ठरावीक मुदतीत उद्दिष्ट पूर्ण करण्याचा ताण असताना अशा यादीची खोलवर चौकशी होणे कठीण. आजोबांचे मृत नाव काढताना आत्याचा जिवंत हक्क पुसला गेला, तर दप्तर स्वच्छ होईल पण खरे होणार नाही. फेरफाराची नोटीस हितसंबंधीयांना देऊन हरकतीसाठी पंधरा दिवस थांबण्याची कलम १५० मधील तरतूद, आणि निर्णयाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करण्याचा हक्क, या औपचारिकता नव्हेत. घाईच्या काळात त्याच खरा आधार असतात. परगावी राहणाऱ्या वारसांपर्यंत नोटीस प्रत्यक्ष पोहोचते की चावडीवर डकवून संपते, हे त्यामुळे वरिष्ठांनी तपासायला हवे.

शहरात स्थिरावलेल्या ज्या कुटुंबांची पाळेमुळे गावात आहेत, त्यांनाही हा विषय परका नाही. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या अनेकांच्या वडिलोपार्जित जमिनीवर आजही मृत पूर्वजांची नावे आहेत. उतारा संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. वारस नोंदीसाठी ‘ई-हक्क’वर अर्ज करता येतो. बहिणींसह सर्व वारसांची नावे त्यात यावीत, ही जबाबदारी मात्र कोणत्याही आज्ञावलीवर टाकता येत नाही.

मोहिमेनंतर

मोहीम साचलेला गाळ उपसते. गाळ येणे थांबवत नाही. सेटअपटूल्सच्या फसलेल्या प्रयत्नातून दिसले ते हे, की वर्षानुवर्षे साचू दिलेली गोष्ट एका दिवसात दूर करायला गेले तर चालू व्यवहार कोलमडतात. डेबियनच्या सफाईतून दिसले ते हे, की नियम ठरलेला असेल आणि काम रोज थोडे थोडे होत असेल तर ते कोणाला जाणवतही नाही. राज्यात अडीच कोटींच्या घरात सात-बारा उतारे आहेत. एवढ्या दप्तरासाठी दर दहा वर्षांनी नवी मोहीम काढणे शासनाला परवडणारे नाही आणि शेतकऱ्याला तर नाहीच.

बुलढाण्याने पहिले पाऊल टाकले याचे श्रेय जिल्ह्याला मिळालेच पाहिजे. त्या पावलाची खरी परीक्षा मात्र २०२५ च्या यादीतील मृतांच्या उताऱ्यांवर होणार नाही. त्यांच्यासाठी तर यंत्रणा दारी गेलीच होती. परीक्षा होईल ती मोहीम संपल्यानंतर मरण पावलेल्या एखाद्या खातेदाराच्या उताऱ्यावर. त्याच्या विधवेचे आणि मुलींचे नाव, कोणीही कचेरीत खेटे न घालता, कायद्याने ठरवलेल्या मुदतीत लागले, तरच सात-बारा जिवंत झाला असे म्हणता येईल.